डोळा आधी मातीत

पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघायला लोक आमच्या कारखान्यात गर्दी करतात. कौतुक सगळं ब्रशाचं, कोरणीला कोण विचारतो! मी मात्र म्हणेन, निम्मा डोळा ओल्या शाडूतच होतो.

माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचा. सहापट लहान वारकरी घडवायचा तर तो येतो ४ मिलिमीटरवर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. खोबणीत आधी ही गोळी बसवायची, मग तिच्यावरून पापण्यांच्या बारीक वळ्या ओढायच्या. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालचीवर किंचित चढते. ती जाडही हवी. तिची सावली बुबुळावर पडली की नजर खरी वाटते. नवशिके बुबुळ पूर्ण गोल रंगवतात आणि वारकरी भेदरलेला दिसतो. बुबुळाची वरची कड पापणीखाली झाकायचीच. पांढराही निखळ नको, त्यात कणभर गेरू घालावा. चकाकीचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

तिरळेपणा आरशात धरून पाहावा, लगेच सापडतो. शाडू सुकताना आकसतो, म्हणून मूर्ती सावलीतच ठेवायची. उन्हात घाई केली की पहिली चीर हमखास पापणीच्या कोपऱ्यातून जाते.