शार्कची भीती सोडा, जांभळाच्या झाडाखालून हला!

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. विषय आहे, येडपट सिनेमे बघून पडणारे प्रश्न. म्हणजे आपल्या संभाजीनगरात असलं काही झालं तर?

पहिली भीती, शार्कचं वादळ. २०१३ च्या 'शार्कनेडो'मध्ये चक्रीवादळ समुद्रातले शार्क उचलतं आणि थेट लॉस एंजेलिसवर टाकतं. आपल्याकडे समुद्रच शेकडो किलोमीटर लांब. जवळचं मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि त्यात शार्क नाहीत. आपल्याकडे वादळ आलंच तर आधी टँकरवाल्याला फोन लागतो का ते बघू.

दुसरी, '२०१२' हा सिनेमा. त्यात सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो पृथ्वीचं पोट तापवतात. आता गंमत ऐका. तुमच्या अंगठ्याच्या नखातून आत्ता, या सेकंदाला, साधारण ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार गेले. रात्रीसुद्धा जातात, कारण ते अख्ख्या पृथ्वीतून पलीकडे निघतात. अडतच नाहीत, तर तापवणार काय?

तिसरी, शहराखाली ज्वालामुखी फुटला तर? अहो, तो फुटून झालाय! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. दौलताबादचा डोंगर त्याच दगडाचा, आणि वेरूळचं कैलास लेणंही त्यातच वरून खाली कोरलेलं. पण भारताचा भूखंड सरकत सरकत पुढे आला. लाव्हा ओकणारी ती जागा आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे.

चौथी, उल्का. तीही पडून झाली. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे तिने पाडलेला खड्डा, जवळपास १.८ किलोमीटर रुंद. आणि आकाशातून लोखंड पडणं? २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळते गोळे बघितले. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

आता जरा सिरियस. जी आपत्ती मराठवाड्यात दरवर्षी माणसं नेते, तिच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. ती म्हणजे वीज. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग येतात, शेतातली माणसं पावसापासून वाचायला झाडाखाली जातात, आणि तिथेच घात होतो. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसाकडे उडी मारते.

म्हणून हिशोब लक्षात ठेवा. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा. उघडं पत्र्याचं शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

मोबाइलमुळे वीज पडते, हे खोटं. पण चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नका, कारण वायरमधून करंट येऊ शकतो. फोनचा उलट फायदाच आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजेचा इशारा देतं.

आणि एक गोष्ट नक्की सांगा घरी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. लोक लांब उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस जातो.

गावाकडे काका, मामा शेतात असतील तर त्यांच्या फोनवर दामिनी तुम्हीच टाकून द्या. शार्क आले तर पुढच्या एपिसोडमध्ये बघू!