पोहण्याचा तलाव आणि बालकांची सुरक्षितता

वार्षिक अहवालात प्रामुख्याने रुग्णसेवेचा व जमाखर्चाचा आढावा घेतला जातो. तथापि काही प्रसंगी रुग्णालयातील उपचारांपेक्षा घटनास्थळी घेतलेली खबरदारीच मोलाची ठरते. पाण्यात बुडणे हा असाच प्रसंग होय. श्वास थांबल्यानंतर साधारणपणे ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. अतिदक्षता विभाग कितीही सुसज्ज असला तरी गेलेली ती मिनिटे परत आणता येत नाहीत. म्हणूनच हा विषय आपणांसमोर मांडत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश ५ वर्षांखालील बालके होती. विहीर, नदी व शेततळे यांचा धोका आपण जाणतो. परंतु गृहनिर्माण संस्थेतील अथवा लोणावळा, कर्जत, अलिबाग येथील सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्यातील तलाव स्वच्छ व उथळ दिसत असल्याने पालक निर्धास्त होतात.

बुडणारे मूल ओरडेल, हात हलवील, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याची धडपड चालू असताना त्याला हाक मारता येत नाही. बहुधा ते आवाज न करताच पाण्याखाली जाते. मेळाव्यात सगळेच लक्ष देत आहेत असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्यक्षात कोणीच पाहत नसते. यास्तव एका प्रौढ व्यक्तीवर नाव घेऊन जबाबदारी सोपवावी. तिने त्या वेळी मोबाईल दूर ठेवावा व लहान मुलांपासून हाताच्या अंतरावरच राहावे. दंडावरील हवेचे फुगे व ट्यूब ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत.

मूल नजरेआड होणार नाही असे गृहीत धरून चालत नाही. त्यासाठी तलावाच्या चारही बाजूंस किमान ४ फूट उंचीचे कुंपण असावे. त्याचे दार आपोआप बंद होणारे व कडी लहान मुलांच्या हाती न लागणारी असावी. पोहून झाल्यावर पाण्यातील खेळणी काढून ठेवावीत. मूल दिसेनासे झाल्यास प्रथम तलावात पाहावे.

तलावाच्या व जकुझीच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ७ वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही अशा जाळीच्या ओढीत अडकून मृत्यू पावली. तिच्या नावाने डिसेंबर २००७ मध्ये तेथे कायदा संमत झाला व सार्वजनिक तलावांवर सुरक्षित जाळ्या बसविणे बंधनकारक झाले. जाळी तुटलेली वा सैल असल्यास कोणीही पाण्यात उतरू नये. मोकळे केस बांधावेत आणि पंपाचे बटण कोठे आहे हे आधीच पाहून ठेवावे. जकुझीतील पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम नसावे. लहान मुलांचे शरीर लवकर तापते, त्यामुळे ५ वर्षांखालील मुलांना त्यात उतरवू नये. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच तर मुलाला त्वरित बाहेर काढून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलास उलटे धरून फिरविणे अथवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार सर्वथा टाळावेत. त्यात अमूल्य वेळ जातो, शिवाय पोटातील पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरते. मूल श्वास घेत नसल्यास प्रथम तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा. कारण शरीराला सर्वाधिक गरज प्राणवायूची असते. त्यानंतर छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. ३० दाबांनंतर २ श्वास, हा क्रम मदत पोहोचेपर्यंत थांबवू नये. मूल शुद्धीवर आले तरी त्यास रुग्णालयात आणावेच, कारण श्वसनाचा त्रास काही तासांनंतरही उद्भवू शकतो. ही कृती केवळ वाचून येत नाही. ती प्रशिक्षण घेऊन शिकावी लागते.

कुंपण, कडी व जाळी यांवरील खर्च किरकोळ दुरुस्तीच्या सदरात मोडतो. तो टाळल्याने होणारी हानी मात्र कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. आपणांपैकी जे गृहनिर्माण संस्था, शाळा वा क्लब यांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी येत्या सभेत तलावाचे कुंपण, दार, तळाची जाळी आणि प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती या चार बाबींची तपासणी करवून घ्यावी, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. आपल्या देणगीतून येथे अनेक बालकांवर उपचार होतात. ज्या बालकाला येथे आणण्याची वेळच आली नाही, त्याची नोंद या अहवालात होणार नाही. तरीही ती सेवा तितकीच मोठी आहे.