चहाचा मळा आणि गिरणगाव

लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव या मुंबईच्या भागांत चहाइतके सार्वत्रिक असे दुसरे पेय नाही. आणि तरीही चहा पिकविणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होत नाही. कोकणातील परसात जो ‘गवती चहा’ वाढतो, तो वस्तुतः चहा नव्हेच. ते एक सुगंधी गवत असून त्याची पाती खऱ्या चहाला वास यावा म्हणून उकळताना घालतात. मुंबईच्या गिरणी कामगाराने जो चहा आपलासा केला, तो फार दूरच्या मळ्यांतून आलेला होता आणि मूलतः तो त्याच्यासाठी पिकविला गेलेला नव्हता. लंडनच्या बाजारासाठी निर्माण झालेला माल परळच्या नाक्यावर कसा पोहोचला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना सारखाच विचारार्ह आहे.

प्रथम वनस्पतीचा विचार करणे इष्ट होय. कॅमेलिया सायनेन्सिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. दोहोंनाही आम्लधर्मी जमीन, पाण्याचा निचरा आणि वर्षभर विभागून पडणारा पाऊस लागतो. यांपैकी तिसरी अट निर्णायक आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. केवळ एकूण पावसाचा हिशोब केला, तर सह्याद्रीचा माथा चहास अयोग्य ठरू नये. परंतु हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. चहाच्या झुडपाचे उत्पन्न म्हणजे त्याची कोवळी पालवी. ओल तुटली की पालवी फुटणे थांबते आणि तोडणीही थांबते. दक्षिणेकडे निलगिरी आणि मुन्नार येथे नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ होतो. आसामात हिवाळा कोरडा असला, तरी मार्चपासूनच वळवाच्या सरी सुरू होतात. केनियाच्या विषुववृत्तालगतच्या उंच प्रदेशात तर वर्षभर तोडणी चालते. तात्पर्य, ज्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाशी चहाचे मोठे मळे आहेत, त्याच्याच उत्तर भागात ते नाहीत, याचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे.

पश्चिम किनाऱ्यास चहाचा परिचय मात्र फार जुना आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील परदेशी व्यापाऱ्यांच्या रोजच्या बैठकीत चहा घेतला जात असल्याची नोंद केली आहे. शतकाच्या अखेरीस तेथेच राहून गेलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने पुढे चहावर स्वतंत्र निबंध लिहिला. हा सर्व चहा चिनी होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनला कापूस आणि अफू पाठवीत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा पाया याच व्यापारात होता. चीनचा चहा इंग्लंडला जाई आणि त्याची किंमत अंशतः हिंदुस्थानच्या कापसाने व अफूने चुकती होई. म्हणजे मुंबईकर चहा पिऊ लागण्याच्या कितीतरी आधी मुंबईचे भांडवल चहाच्या व्यापारचक्रात गुंतलेले होते.

चीनवरील हे अवलंबन तोडण्याच्या प्रयत्नातून आसामचे मळे उभे राहिले. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यास सिंगफो जमातीच्या प्रदेशात चहाचे देशी झाड आढळले. मणिराम दिवाण यांनी त्याला त्याची माहिती दिली असे मानले जाते. सिंगफो लोक हे पेय पूर्वीपासून करीत होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडन येथे पहिला लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. १८६१ मध्ये कलकत्त्यास लिलाव सुरू झाले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात हिंदुस्थान व सिलोन यांच्या चहाने चिनी चहास मागे टाकले.

या कालक्रमाशेजारी मुंबईचा कालक्रम मांडला असता एक लक्षणीय साम्य दिसते. कावसजी दावर यांच्या ताडदेव येथील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. म्हणजे मळा आणि गिरणी ही सामान्यतः एकाच पिढीची अपत्ये होत. दोहोंनाही मोठ्या संख्येने मजूर हवे होते आणि ते जवळपास उपलब्ध नव्हते. मळ्यांनी छोटा नागपूर व आसपासच्या प्रदेशांतून माणसे नेली. गिरण्यांकडे रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून माणसे आली. दोन्हीकडे मालक आणि मजूर यांच्यामध्ये मध्यस्थ उभा राहिला. मळ्यावर तो ‘सरदार’ होता, गिरणीत ‘जॉबर’. भरती करणे, उचल देणे, शिस्त लावणे आणि प्रसंगी कामावरून काढणे ही सत्ता दोघांच्याही हाती एकवटली होती.

तथापि हे साम्य मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. मळेवाल्यांना कायद्याचे पाठबळ होते. गिरमिटाने बांधलेल्या मजुराने काम सोडणे हा दीर्घकाळ गुन्हा ठरत असे. गिरणी कामगार कर्जाने आणि गरजेने बांधलेला होता, पण कायद्याने जखडलेला नव्हता. तो गावी परतू शकत होता आणि संप करू शकत होता. १९२८ चा प्रदीर्घ संप मुंबईत शक्य झाला, यामागे हा फरक अंशतः कारणीभूत आहे.

मराठी समाजात चहा प्रतिष्ठित होण्याचा मार्ग सरळ नव्हता. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधील समारंभात रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हता. ख्रिस्ती माणसाच्या हातचे पेय घ्यावे की नाही, याचा होता. म्हणून पुढील चार दशकांत मुंबईत जे घडले, त्याचे महत्त्व केवळ आहाराच्या इतिहासापुरते राहत नाही.

तरीही निर्णायक प्रेरणा बाजाराकडून आली. १९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर पट्टी बसविण्यात आली आणि तिच्या उत्पन्नातून चहाच्या प्रसाराचा खर्च होऊ लागला. आरंभी प्रचारकांचे लक्ष मुख्यतः परदेशी बाजारांकडे होते. पुढे जागतिक मंदीत भाव कोसळले. १९३३ मध्ये हिंदुस्थान, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज येथील उत्पादकांनी निर्यातीवर मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार केला. निर्यात अशी रोखली गेल्यावर उरलेला माल खपविण्यास देशातीलच गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. १९३७ मध्ये प्रसार समितीचे ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ झाले. कारखाने, बाजार, जत्रा येथे चहा करून दाखविणे, स्वस्त पुड्या विकणे, रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतून कृतीच्या पाट्या लावणे ही या प्रचाराची साधने होती. लंडनमधील भाव आणि परळमधील पेला यांचा संबंध येथे प्रत्यक्ष जुळतो.

या नव्या गिऱ्हाइकास साजेसा माल कोणता, हे समजण्यासाठी चहाची निर्मिती पाहिली पाहिजे. दोन पाने व एक कळी खुडून आणल्यावर ती कोमेजवितात, मग चुरगळतात. पेशी फुटल्या की पानातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन रंग व कडकपणा येतो. योग्य वेळी उष्णता देऊन ही क्रिया थांबवितात व पान वाळवितात. साधारणतः चार ते साडेचार किलो ओल्या पाल्यापासून एक किलो तयार चहा मिळतो. जुन्या पद्धतीत पान वळले जाई, त्यामुळे ते बरेचसे अखंड राहत असे. १९३० च्या सुमारास आसामातील आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी निराळे यंत्र सिद्ध केले. त्यात वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन दातेरी रुळांमधून पान दडपले, फाडले आणि वळविले जाते. ‘सी.टी.सी.’ ही संज्ञा याच तीन क्रियांवरून आली. या पद्धतीने बारीक दाणे व भुकटी मिळते. कण जितका लहान, तितका त्याचा पाण्याशी संपर्क अधिक. म्हणून हा चहा झटकन उतरतो आणि थोडा घातला तरी गडद होतो. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, त्यामुळे सौम्य पानाचा चहा दुधात फिका पडतो. भुकटीचा मात्र टिकतो. प्रचारकांच्या पाट्या पाणी उकळून पानांवर ओतण्यास सांगत. लोकांनी भुकटी, दूध, साखर आणि पाणी एकत्र उकळण्याची रीत स्वीकारली. कमी भुकटीतून अधिक कस काढणारी ही रीत पैशाच्या दृष्टीने शहाणपणाची होती. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये आरोग्यावर लिहिताना गांधीजींनी आक्षेप घेतला तो उकळलेल्या चहातील टॅनिनवरच; परंतु या रीतीमागचे अर्थशास्त्र त्या आक्षेपाने बदलले नाही.

गिरणगावात या पेयास अनुकूल अशी परिस्थिती आधीच तयार होती. चाळीतील एका खोलीत अनेक पुरुष राहत. घरची मंडळी गावी असत. जेवण खानावळीत होई आणि चूल पेटविण्यास जागा व वेळ दोन्ही नसत. पाळी भोंग्यावर सुरू होई. पहाटे कामावर जाताना किंवा रात्रपाळीहून परतताना काही गरम, गोड आणि तरतरी आणणारे हवे असे. चहा ही गरज थोड्या पैशांत भागवीत असे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद करण्याचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला, तसेच पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. कामाच्या दिवसातील चहाच्या सुट्टीस यामुळे आधार मिळाला.

नाक्यावरच्या हॉटेलांचा विचार याच संदर्भात केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी मुंबईत चहाची दुकाने थाटली; धोबी तलावावरील कयानी हे १९०४ पासूनचे. त्यांचा दाट दुधाचा ‘पानी कम’ चहा आणि ब्रून-मस्का गिरगावच्या कारकुनासही परिचयाचा झाला. येथे सोवळ्याचे नियम मुळातच लागू पडत नव्हते. जो आत शिरला तो ते उंबऱ्याबाहेर ठेवूनच शिरला. १८९० मध्ये ज्या कृत्यास प्रायश्चित्त लागत होते, ते दोन पिढ्यांत नित्याचे झाले. याचा अर्थ जातिभेद ओसरला असा मात्र नव्हे. ज्या गिरण्यांतील कामगार हा चहा पीत, तेथे विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. बाकावरील सहवास आणि कामाच्या जागेवरील बहिष्कार एकाच वस्तीत, एकाच वेळी नांदत होते. चहाच्या प्रसारावरून सामाजिक समतेचे अनुमान काढणाऱ्या अभ्यासकाने हे विसरता कामा नये.

राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना गिरणीइतकेच वस्तीला, रस्त्याला आणि नाक्याला महत्त्व दिले. चहाचे दुकान हे या वस्तीजीवनाचे एक केंद्र होते. तेथे वृत्तपत्र मोठ्याने वाचले जाई, कामाची वार्ता कळे, उधारी चाले. गिरणीच्या फाटकाआत जॉबरची सत्ता होती. दुकानातही ती पूर्णपणे संपत नसे, पण तेथे तिच्याविषयी बोलता येत असे. दुकानात बसण्याचे भाडे म्हणजे एक पेला चहा. आणि तोही दोघांत वाटून घेता येत असे. आज ‘कटिंग’ म्हणून ओळखला जाणारा अर्धा पेला याच काटकसरीच्या परंपरेतील आहे.

स्वातंत्र्यानंतर देशाचे चित्र उलटले. १९५१ मध्ये सुमारे २८ कोटी किलो उत्पादनापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश माल परदेशी जाई. १९५३ च्या कायद्याने चहा मंडळाची स्थापना झाली. २०२३ मध्ये उत्पादन सुमारे १३९ कोटी किलो झाले आणि त्यातील सुमारे चार-पंचमांश देशातच खपते. उत्पादनात चीन आघाडीवर असून भारत दुसऱ्या स्थानी आहे; केनिया मात्र आपला बहुतेक चहा निर्यात करतो. ज्या देशी गिऱ्हाइकाकडे १९३३ नंतर अडचणीचा उपाय म्हणून पाहिले गेले, तोच आता या धंद्याचा मुख्य आधार झाला आहे.

गिरणगावाची गती याच्या उलट झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर आता कचेऱ्या व बाजारसंकुले आहेत. भोंगा थांबला, अनेक इराणी दुकाने मिटली; चहा राहिला, आणि आता तो कचेऱ्यांच्या फाटकाबाहेर उभ्याने घेतला जातो. मळ्यावरची खुडणी आजही प्रामुख्याने स्त्रियांच्या हातांनी होते आणि १९५१ च्या मळे कामगार कायद्यापासून चालत आलेला घर, पाणी व मजुरीचा प्रश्न तेथे पुरता सुटलेला नाही. पेला स्वस्त ठेवण्याचा भार प्रथम कोणावर पडतो, याचे उत्तर या दोन श्रमिक वस्त्यांचा इतिहास शेजारी ठेवूनच मिळू शकेल. कामगार कार्यालयाचे १९२१ पासूनचे ‘लेबर गॅझेट’, चहाच्या लिलावांचे अहवाल आणि गिरणगावातील वृद्ध कामगारांच्या आठवणी ही तिन्ही साधने एकत्र वाचण्याचे काम अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे; आणि यांपैकी तिसरे साधन फार काळ उपलब्ध राहणार नाही.