जुन्या बाजारांतील हौशी कला

पुण्यास मंगळवार पेठेच्या बाजूस दर बुधवारीं व रविवारीं जुना बाजार भरतो. तेथें मोडकीं कुलुपें, पितळी भांडीं व यंत्रांचे सुटे भाग यांच्या ढिगांत कधीं कधीं एखादी कांचेची चौकट आढळते. तींत मण्यांनीं विणलेला राघू असतो, किंवा जाळीदार कापडावर रंगीत दोऱ्यांनीं भरलेलें 'सुस्वागतम्' असतें. एखादे वेळीं कोणा शाळकरी मुलानें जलरंगांत काढलेला नदीकांठ असतो. विकणारा किंमत सांगतो ती चौकटीची. आंतील काम कोणाचें, हें त्यासही ठाऊक नसतें. घरकाम, शेती किंवा नोकरी सांभाळून केवळ हौसेनें ज्यांनीं कला जोपासली, त्यांचीं हीं कामें होत.

अशा कामांत दोष असतात. राघूची चोंच फार मोठी होते, घराच्या भिंती कलतात. परंतु धंदेवाईक चित्रकारास गिऱ्हाइकाची आवड पाहावी लागते. हौशी मनुष्य स्वतःस जें आवडतें तेंच काढतो, आणि तोच त्याच्या कामांतील गोडवा होय. आंरी रूसो हा पॅरिसच्या जकातखात्यांत नोकरीस होता. तो चित्रकला स्वतःच शिकला. लोक त्याच्या चित्रांस हंसत. १९०८ सालीं पिकासो या चित्रकारास जुन्या वस्तूंच्या एका दुकानांत रूसोनें काढलेलें एका स्त्रीचें चित्र दिसलें. दुकानदारानें पांच फ्रँक मागितले, आणि या कापडावर दुसरें चित्र काढतां येईल, असेंही सुचविलें. पिकासोनें तें तसेंच जन्मभर जवळ ठेविलें. आज तें पॅरिसच्या पिकासो संग्रहालयांत आहे.

पारख करतांना प्रथम छापील व हातचें काम ओळखावें. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला, व देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर पोहोंचलीं. भिंगांतून पाहिल्यास अशा चित्रांत रंगांचे बारीक ठिपके दिसतात. हातच्या चित्रांत कुंचल्याचा ओघ दिसतो. तथापि छापील म्हणून चित्र लगेच टाकूं नये. देवीच्या वस्त्रावर जर व टिकल्या लावून कोणी तें सजविलें असेल, तर ती सजावट हातचीच. दुसरें, पाठ पाहावी. भरतकामाच्या पाठीस उजेड लागत नसल्यानें दोऱ्यांचे मूळ रंग तेथें टिकतात. कागदाच्या पाठीवर नांव किंवा वर्ष सांपडूं शकतें. तिसरें, धुण्याची घाई करूं नये. पाण्यानें जलरंग विरघळतात व जुना दोरा रंग सोडतो. मऊ, कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडणें पुरेसें आहे.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं जुने दिवे, अडकित्ते, वाद्यें, कोरीव दारें अशा नित्याच्या वस्तु जन्मभर गोळा केल्या, आणि अकालीं निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या नांवें संग्रहालय उभारलें. १९७५ सालीं तें त्यांनीं शासनास अर्पण केलें. कारागिरांच्या वस्तूंस असा जाणता संग्राहक लाभला. घरगुती चौकटींचा सांभाळ मात्र घरानेंच केला पाहिजे.

वाडा पडतो, भावांच्या वांटण्या होतात, नवें घर उभें राहतें. त्या वेळीं तांब्यापितळेची मोजदाद होते. आजीनें आपल्या रुखवतासाठीं भरलेली चौकट जुन्या सामानाबरोबर जाते. ती बाजारांत पोहोंचेपर्यंत तिचें नांव तुटलेलें असतें, आणि केवढाही मोठा पारखी तें परत जोडूं शकत नाहीं. वस्तु बाजारांत सांपडेल. नांव फक्त घरींच सांपडतें.

यास्तव शेळगांवच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत आपल्या घरच्या भिंती, माळे व पेट्या पाहाव्या. एखादें विणकाम, भरतकाम किंवा चित्र आढळल्यास तें कोणी केलें, तिचें माहेर कोणतें, कोणत्या प्रसंगासाठीं व सुमारें कोणत्या सालीं केलें, हें वडील माणसांस विचारावें. उत्तर एका चिठ्ठीवर पेन्सिलीनें लिहावें व ती चौकटीच्या मागें अडकवावी. कामावर डिंक लावूं नये. पालकांनींही यांत हातभार लावावा. ज्यांस हें सांगतां येईल अशीं माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.