गिरकी बुटाने घ्यावी, गुडघ्याने नव्हे

साल्सा किंवा वॉल्ट्झ शिकायला जाणारी बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी घरात असतील तेच बूट घालून जातात. पुरुषांच्या पायात सकाळी फिरायला जायचे रबरी तळाचे बूट असतात, स्त्रियांच्या पायात लग्नसमारंभातल्या उंच टाचेच्या सँडल. काही आठवड्यांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागते, चवड्याची आग होते आणि ‘आता वय झाले, नाच आपल्याला झेपायचा नाही’ असे म्हणत क्लास सोडला जातो. अशा वेळी वयाला दोष देण्याआधी बूट उलटा करून त्याचा तळ पाहायला हवा.

नाच सुटणे हे आरोग्याच्या दृष्टीने लहान नुकसान नाही. जोडीने केलेल्या नाचात चाल, तोल, लय आणि स्मरण यांचा एकाच वेळी कस लागतो. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींच्या फुरसतीच्या सवयी नोंदल्या होत्या. शारीरिक हालचालींच्या प्रकारांपैकी नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी संबंध दिसला. नाचामुळेच ती जोखीम कमी झाली, असे अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही. तरीही उतारवयात आनंदाने चालू राहणारा व्यायाम म्हणून नाचाचे मोल मोठे आहे. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ आणि जाइव्ह पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आता पुण्या-मुंबईत साल्सा, बचाटा, टँगोचे वर्गही भरतात आणि चाळिशी-पन्नाशीतली जोडपी तिथे हौसेने जातात. त्यांचे गुडघे जपायचे, तर बुटांचे गणित समजून घ्यायला हवे.

नेमके काय वळते?

गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. वाकणे आणि सरळ होणे हे त्याचे काम. स्वतःभोवती फिरणे त्याला थोडेच जमते. ते काम प्रामुख्याने खुब्याच्या सांध्याचे. गिरकी घेताना धड वळते, मांडी वळते आणि पाऊलही जमिनीवर तेवढेच वळले, तर गुडघ्यावर पीळ पडत नाही. पण बुटाच्या तळाने जमीन घट्ट धरून ठेवली, तर मांडी पुढे जाते, पाऊल मागे राहते आणि मधला फरक गुडघ्याला सोसावा लागतो. वजन पायावर आहे, गुडघा किंचित वाकलेला आहे आणि पाऊल जागचे हलत नाही, अशा स्थितीत पडलेल्या पिळाने गुडघ्यातल्या कूर्चेच्या गाद्या फाटू शकतात.

एकट्याने नाचताना आपण किती जोरात वळायचे ते आपल्या हाती असते. जोडीच्या नाचात वळण्याचा इशारा, आणि बऱ्याचदा जोरही, समोरच्याच्या हातातून येतो. जोडीदाराने गिरकी दिली आणि आपला बूट अडला, की तो बाहेरून आलेला जोर थेट सांध्यात उतरतो. म्हणून गिरकी देणाऱ्यानेही जोडीदाराच्या पायात काय आहे हे पाहून हात फिरवायला हवा.

घर्षण आणि गुडघ्याचे नाते मैदानी खेळांतही दिसले आहे. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असणाऱ्या कृत्रिम पृष्ठभागावर खेळताना स्त्रियांच्या गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याची जोखीम अधिक आढळली. पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. हँडबॉल म्हणजे नाच नव्हे, पण अडलेले पाऊल आणि वळणारे शरीर ही जोडी दोन्हीकडे तीच आहे.

नाचाच्या बुटांचा तळ म्हणूनच बहुधा स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या मऊ कातड्याचा असतो. तो थोडा धरतो आणि थोडा सोडतो. धावण्याच्या बुटाचा खाचांचा रबरी तळ सरळ पुढे जाताना घसरू नये यासाठी बनवलेला असतो. तो आपले काम चोख करतो, फक्त गिरकी हे त्याचे काम नाही.

यात तंत्राचाही भाग आहे. तळाचा जितका मोठा भाग जमिनीला टेकलेला असेल, तितका वळायला विरोध जास्त. त्यामुळे शिक्षक टाच किंचित उचलून चवड्यावर वळायला सांगतात. वजन तेच राहते, पण जमिनीवरचा ठसा लहान होतो आणि पाऊल सहज फिरते.

टाच किती उंच?

टाच उंच झाली की शरीराचा भार पुढे सरकतो आणि चवड्याच्या हाडांवर येतो. तिथली जळजळ, घट्टे आणि अंगठ्याच्या मुळाशी वाढत जाणारा उंचवटा या तक्रारी त्यातून बळावतात. गुडघाही यातून सुटत नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात वीस निरोगी स्त्रियांची चाल उंच टाचांत आणि अनवाणी अशी मोजली गेली. उंच टाचांत गुडघ्याच्या आतल्या भागावरचा जोर सरासरी २३ टक्क्यांनी जास्त आढळला. ही नुसती चाल होती. तिच्यात गिरक्या नव्हत्या.

उंचीइतकेच महत्त्व टाचेच्या जागेला आणि रुंदीला आहे. बुटाची टाच आपल्या टाचेच्या हाडाच्या बरोबर खाली असावी. ती मागे सरकलेली असेल, तर प्रत्येक पावलाला तोल मागे जातो. खाली किंचित पसरत जाणारी टाच सुईसारख्या टाचेपेक्षा स्थिर असते. शिवाय गर्दीच्या फ्लोअरवर दुसऱ्याचेही पाय असतात. साठ किलोच्या व्यक्तीचे वजन एक चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर आले आणि ती टाच शेजारच्याच्या उघड्या बोटांवर पडली, तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. नवशिक्या स्त्रियांनी दीड-दोन इंचांच्या रुंद टाचेपासून सुरुवात करावी. सपाट बुटातही काही कमीपणा नाही.

जसा नाच, तसा बूट

वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप या बॉलरूम नाचांत जोडी जवळ उभी राहून लांब पावले टाकते. पुढे जाताना अनेक पावले टाचेवर पडतात आणि भार मग चवड्याकडे येतो. त्यामुळे इथे बूट बंद असतो. स्त्रियांचा पंप पद्धतीचा, साधारण दोन-अडीच इंच टाचेचा. पुरुषांचा लेसचा, सुमारे एक इंच टाचेचा. पुढून बंद असल्याने बोटांचे रक्षणही होते. टाचेत बूट सैल नसावा, नाहीतर मागे जाताना पाऊल बाहेर येते.

रुंबा, चा-चा-चा, जाइव्ह या लॅटिन गटात भार पुढे, चवड्यावर असतो आणि पाऊल सतत वाकत-उलगडत राहते. स्त्रियांच्या सँडल पुढून उघड्या असतात आणि बोटे तळाच्या अगदी कडेपर्यंत येतात, कारण जमिनीचा अंदाज बोटांनी घ्यायचा असतो. पुरुषांच्या बुटाला सुमारे दीड इंचाची ‘क्यूबन’ टाच असते. हा बूट चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे, पण कमानीखाली वाकता कामा नये. घोट्याभोवती किंवा पावलावरून पट्टा हवाच.

साल्सा आणि बचाटासाठी बरेच जण लॅटिन बूटच वापरतात. मात्र इथे गिरक्या एकामागून एक येतात आणि सराव तास-दोन तास चालतो. त्यासाठी चवड्याखाली गुळगुळीत गोल असलेले नाचाचे स्नीकर सोयीचे. गुडघ्याची जुनी तक्रार असणाऱ्यांनी आधी यांचाच विचार करावा.

अर्जेंटिनाचा टँगो हा मुळात चालण्याचा नाच. पण त्यातल्या ‘ओचो’ या आठच्या आकड्यासारख्या हालचालीत एकाच पायावर पुन्हा पुन्हा वळावे लागते. चामड्याचा किंवा स्वेडचा तळ इथे अत्यावश्यक आहे. तीन-साडेतीन इंचांच्या नाजूक टाचा ही या नाचाची ओळख झाली असली, तरी ती अट नाही. सरावाला सपाट बूट सर्रास वापरतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पार्किन्सन्सच्या रुग्णांना टँगो शिकवून तोलावर होणारा परिणाम तपासला गेला आणि तो आशादायक आढळला. ज्यांचा तोल मुळातच कमकुवत आहे, अशांनी मात्र उंच टाचेच्या वाटेला जाऊ नये.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली सुरू झालेल्या सॅव्हॉय बॉलरूमशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या लिंडी हॉपमध्ये उड्या, लाथा आणि वेगवान पावले असतात. इथे सपाट आणि हलके बूट लागतात, कारण उडी मारून उतरताना धक्का शोषला गेला पाहिजे. कॅनव्हासच्या बुटाला खालून चामडे चिकटवून घेण्याची रीत या नाचातल्या मंडळींमध्ये चांगलीच रुळली आहे.

फरशी, पाऊस आणि पावडर

नाचासाठी बांधलेली लाकडी जमीन किंचित दबते आणि धक्का झेलते. आपल्याकडच्या सभागृहांत मात्र कोटा, संगमरवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल आणि खाली काँक्रीट असते. ही जमीन दबत नाही, त्यामुळे धक्का झेलण्याचे काम बुटातल्या पातळ गादीवर येते. गुळगुळीत टाइलवर नवा स्वेड घसरू शकतो. तारेच्या ब्रशने लव उभी केली की पकड परत येते. जमिनीवर टाल्कम पावडर टाकण्याचा उपाय धोक्याचा आहे. आपले पाऊल सुटते, पण मागून येणारी जोडी त्यावर आपटू शकते. नुसत्या मोज्यांवर टाइलवर नाचणेही टाळावे.

स्वेडचे बूट रस्त्यावर घालू नयेत. धूळ आणि खडी लवेत बसते, पाण्याने ती चिकट होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या बुटांना बुरशी धरते. ते सुती पिशवीत ठेवावेत, आत वर्तमानपत्राचा बोळा घालावा आणि सावलीत वाळवावेत.

नवे बूट लगेच घेणे शक्य नसेल, तर पायात नीट बसणाऱ्या सपाट बुटाच्या तळाला चवड्यापुरता चामड्याचा पातळ तुकडा मोच्याकडून चिकटवून घ्यावा. तळाच्या खाचा आधी घासून सपाट कराव्या लागतात. टाचेखालचे रबर तसेच राहू द्यावे. थांबायला ते उपयोगी पडते. कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याचा असला, तरी तिला मागे पट्टा नसतो आणि गिरकीत ती पायातून निसटते.

मधुमेह असेल तर

मधुमेहींनी या निवडीत अधिक काळजी घ्यायला हवी. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर पावलांची संवेदना मंदावते आणि बूट चावत असला तरी ते कळत नाही. उघड्या सँडलपेक्षा बंद, मऊ आणि आत शिवण टोचणार नाही असा बूट बरा. घालण्याआधी आत हात फिरवून पाहावा. नाचून झाल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात; गरज पडल्यास आरसा वापरावा. फोड आला असेल तर तो फोडू नये आणि तो भरेपर्यंत नाच थांबवावा. क्लास सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घेणे उत्तम.

घेताना काय पाहावे?

दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे खरेदी संध्याकाळी करावी. दोन्ही पायांत बूट घालून पाहावेत, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आकृती काढावी आणि बुटाचा तळ तिच्यावर ठेवावा. आकृती दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर बूट अरुंद आहे. नाचाचा बूट रोजच्या बुटापेक्षा घट्ट बसावा, पण बोटे एकमेकांवर चढू नयेत. वापराने चामडे थोडे सैलावते. पहिल्याच दिवशी सैल असलेला बूट पुढे आणखी सैल होतो.

मग एक सोपी चाचणी. एका हाताने भिंतीचा आधार घ्यावा, वजन एका चवड्यावर आणावे, टाच किंचित उचलावी आणि सावकाश पाव गिरकी घ्यावी. पाऊल आणि गुडघा एकाच वेळी वळले पाहिजेत. गुडघा आधी निघाला आणि पाऊल मागे राहिले, तर तळ गरजेपेक्षा जास्त धरतो आहे. वळल्यावर पाऊल जागेवर थांबत नसेल, तर तो जास्त घसरतो आहे. ज्या जमिनीवर नाचायचे, तिथेच ही चाचणी करावी.

पहिले काही दिवस पोटऱ्या आणि तळवे दुखणे स्वाभाविक आहे. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा वजन देताना दगा देऊ लागला; घोट्यावर वजनच देता येईना; किंवा चवड्यातल्या एकाच हाडावर बोट ठेवताच कळ येऊ लागली, तर बूट बदलून भागणार नाही. नाच थांबवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना नाचाचे बूट पिशवीत घेऊन जावे. तळ कुठे झिजला आहे आणि टाच कोणत्या बाजूला कलली आहे, यावरून पावलावर भार कसा पडतो याचा अंदाज डॉक्टरांना येतो.