दर पाच सेकंदांची थाप आणि चंद्रापलीकडे गेलेली रांग

पाच सेकंद! लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ ही घोषणा तिन्ही भाषांत पुरी व्हायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पण गुगल क्लाउडवर एखाद्या सेवेला हेल्थ चेक लावला आणि आपण काही बदललं नाही, तर दर पाच सेकंदांनी तिच्या दारावर थाप पडते: आहेस ना? काम करतेस ना? पहाटे तीनला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, कधीही. खंड नाही.

थाप म्हणजे नेमकं काय? एका दणकट सर्व्हरच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन नांदत असतात. थाप मारणारा तपासनीस त्यातल्या एकाच्या पोर्ट ८० वर येतो, जोडणी मागतो, ठरलेलं पान मागतो. ‘२००’ असं उत्तर मिळालं की सगळं ठीक, तो निघाला. ‘५०३’ आलं किंवा पाच सेकंदांत काहीच आलं नाही, की नापास. लागोपाठ दोनदा नापास झालं, तर येणारी गिऱ्हाईकं मशीनमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर तिकडे नवं गिऱ्हाईक पाठवतच नाही. लागोपाठ दोनदा पास, की पुन्हा भरती. आणि हे हवंच, कारण मशीन चालू दिसतं, पिंगला उत्तरही देतं, पण आतली सेवा मात्र गोठलेली असते. असं सर्रास होतं.

पाच सेकंद आपल्याला चुटकीसरशी वाटतात. पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे अंतर १५० किलोमीटर धरा. दोन थापांच्या मधल्या वेळात प्रकाश मुंबईहून पुण्याला जाऊन परत येतो, आणि तेही ३,३०० हून जास्त वेळा!

आता गुणाकाराला बसू या. एक मशीन, एक तपासनीस. दिवसाला १७,२८० थापा. गर्दीच्या वेळची लोकल साडेचार हजार माणसं घेऊन धावते असं धरलं, तर प्रत्येक थापेमागे एक माणूस बसवून जवळजवळ चार लोकल खच्चून भरतील. वर्षाला ६३,०७,२०० थापा. प्रत्येक थापेला रुपयाचं एक नाणं बाजूला ठेवा. एकावर एक रचलीत तर चळत नऊ किलोमीटरच्या वर जाते. एव्हरेस्ट खाली राहिला! आडवी, एकाला एक खेटून मांडलीत तर १३८ किलोमीटरची रांग. अख्खा ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे संपतो, तरी ४३ किलोमीटरची नाणी हातात उरतात. हे सगळं एका मशीनचं!

पण गुगल एकाच तपासनीसावर विसंबून राहत नाही. एकाच वेळी अनेक जण विचारपूस करतात. त्यांच्या येण्याजाण्यासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या दोन मुख्य पट्ट्या आहेत. एकीत ६५,५३६ पत्ते, दुसरीत १,०२४. प्रत्येक पत्त्याला एक खुर्ची दिली तर दोन वानखेडे स्टेडियम भरतील.

आपण कंजूषपणे तीनच तपासनीस धरू आणि मशीन घेऊ एक हजार. म्हणजे सेकंदाला ६०० थापा. दिवसाला ५ कोटी १८ लाख. प्रत्येक थापेला २०० मिलिलिटरचा एक पेला पाणी ओता. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा २९ विहिरी काठोकाठ भरतात, आणि त्या रोज भरतात. उद्या पुन्हा २९, परवा पुन्हा २९!

आणि वर्षाला? १,८९२ कोटी! पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाची दोनदा चौकशी करून झाली तरी थापा शिल्लक. ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या भारताने, चहाच्या टपरीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत, यूपीआयवर मिळून २,००० कोटींच्या वर व्यवहार केले. हजार मशीनची वर्षभराची नुसती विचारपूस तेव्हा विक्रमी ठरलेल्या त्या महिन्याच्या अगदी जवळ जाऊन पोचते. आता ती रुपयाची नाणी पुन्हा काढा. १,८९२ कोटी नाणी, एकाला एक खेटून. एक्सप्रेसवे केव्हाच मागे पडला. काश्मीर ते कन्याकुमारी मागे पडलं. विषुववृत्ताला दहा वेढे पडले, तरी नाणी संपेनात. ही रांग भरते ४ लाख १४ हजार किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. रांग चंद्राला ओलांडून तीस हजार किलोमीटर पुढे गेली!

कशासाठी एवढं? सेवा वर्षातून ९९.९९९ टक्के वेळ चालू राहील असं वचन दिलं, तर बंद पडायला सबंध वर्षात मिळतात सव्वापाच मिनिटं. दर पाच सेकंदांनी विचारलं तर बिघाड दहा-पंधरा सेकंदांत पकडला जातो. दर पाच मिनिटांनी विचारलं असतं, तर एकाच बिघाडात वर्षाचा कोटा संपला असता.

तेव्हा गुगल क्लाउडवर मशीन लावत असाल, तर फायरवॉलमध्ये ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ या दोन पट्ट्या आधी उघडा. त्या बंद राहिल्या तर तपासनीस दारातच अडतील आणि ठणठणीत असलेली हजारच्या हजार मशीन आजारी ठरतील.