एका बेटावरचे बदक आणि दोन कणग्यांचे शहाणपण

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील भातखाचरे, गावतळी व धरणांचे काठ पाहताना रानबदकांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके असल्यामुळे एका बदकाला आपल्या लोकांनी ‘हळदी-कुंकू’ असे सुरेख नाव दिले आहे. शिट्टीसारखा आवाज करीत उडणारी ‘अडई’ही आपल्या परिचयाची आहे. एखादे तळे आटले की ही बदके उठतात व दुसऱ्या पाण्यावर उतरतात. उल्हासच्या खोऱ्यात पाणी कमी झाले, तर पाताळगंगेचे खोरे जवळच आहे.

परंतु ज्या बदकाला साऱ्या जगात एकच तळे असेल, त्याने काय करावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. महासागरातील बेटांवर राहणाऱ्या काही बदकांपुढे तो खरोखरच उभा राहिला. त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

सात उरलेले पक्षी

प्रशांत महासागरात, हवाई बेटांतील होनोलुलू शहराच्या वायव्येस सुमारे १,५०० किलोमीटरवर लेसन नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या माथेरानहूनही कमी. बेटाच्या मध्यभागी अतिशय खारट पाण्याचे तळे आहे. त्याच्या काठावर बारीक माश्यांचे थवे बसतात. तेथील तपकिरी रंगाचे लहानसे बदक मान पुढे ताणून, चोच उघडी ठेवून त्या थव्यांतून धावत सुटते आणि पोट भरते. हेच लेसन बदक.

एके काळी हे बदक हवाईच्या मोठ्या बेटांवरही होते, असे तेथे सापडलेल्या जुन्या हाडांवरून कळते. माणसांबरोबर उंदीर आले आणि तेथून ते नाहीसे झाले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या बदकाचे मूळ शत्रू म्हणजे आकाशातून झडप घालणारे पक्षी. त्यामुळे संकट आले की उडून जाण्याऐवजी जागच्या जागी निश्चल राहण्याची सवय त्याच्या अंगी बाणली. जमिनीवरून येणाऱ्या उंदराला मात्र असे भक्ष्य आयतेच मिळते, आणि अंडी तर त्याहून सहज मिळतात.

लेसनवर उंदीर पोहोचले नाहीत; पण १९०३ साली मांसाच्या व्यापारासाठी तेथे ससे सोडण्यात आले. सशांनी काही वर्षांत बेटावरील जवळजवळ सारी हिरवळ फस्त केली. झुडपांचा आडोसा गेला, वाळू उडू लागली. १९१२ साली मोजणी झाली तेव्हा अवघी सात बदके उरली होती. १९२३ साली शेवटचे ससे काढून टाकण्यात आले. त्यानंतर हळूहळू झाडोरा परतला आणि बदकेही वाढली. मात्र त्या वीस वर्षांत याच बेटावरील दोन छोटे गाणारे पक्षी कायमचे नाहीसे झाले.

दुसरे घर, पण राखण हवी

येथे आपल्या शेतकऱ्याचे शहाणपण आठवते. जाणता शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. एका कणगीला घूस लागली, तरी दुसरीतले दाणे पेरणीला उरतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ यांसारखे वाण बाहेर पडून अनेक शेतांत रुजले. अनेक ठिकाणी असणे, हेच वाणाच्या सुरक्षिततेचे बळ होय.

लेसन बदकासाठी शास्त्रज्ञांनी हेच केले. २००४ आणि २००५ या दोन वर्षांत मिळून ४२ बदके मिडवे या दूरच्या बेटावर नेण्यात आली. तेथे त्यांची संख्या झपाट्याने वाढून शेकडोंवर गेली. पुढे २०१४ साली मिडवेवरून २८ बदके कुरे नावाच्या तिसऱ्या बेटावर नेण्यात आली.

ही दूरदृष्टी किती मोलाची होती, ते मधल्या काळात दिसले. २००८ साली मिडवेवर बोटुलिझम या विषबाधेने दीडशेहून अधिक बदके मेली. मेलेल्या पक्ष्याच्या अंगावर अळ्या होतात, त्या अळ्यांत विष साठते, आणि त्या खाऊन जिवंत बदके मरतात. म्हणून मृत पक्षी त्वरित उचलणे हाच मोठा उपाय ठरला. २०११ साली जपानजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी या बेटांवरून गेली. तरीही जात टिकली, कारण तिची सारी भिस्त एकाच तळ्यावर राहिली नव्हती.

तथापि केवळ दुसरे घर पुरत नाही. लेसनवरच उडता न येणारी एक चिमुकली पाणकोंबडी होती. तिलाही पूर्वी मिडवेवर सोडले होते व ती तेथे सुखाने नांदत होती. लेसनवरील तिचा वंश सशांमुळे संपला, तरी मिडवेवर ती उरली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जहाजांतून तेथे उंदीर उतरले आणि एक-दोन वर्षांतच ती जगातून नामशेष झाली. त्याच मिडवेवर बदके नेण्यापूर्वी, १९९०च्या दशकात, उंदीर संपूर्णपणे हटविण्यात आले होते. कोंबडी गेली आणि बदक राहिले, यातला फरक एवढाच.

आपल्या देशात आणि आपल्या गावात

भारतातही असे एक बेटवासी बदक आहे. अंदमानचे हे बदक डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या वलयामुळे ओळखू येते आणि झाडांच्या ढोलीत घरटे करते. अंदमान आणि शेजारचे कोको बेट यांपलीकडे ते आढळत नाही. २००४च्या भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन खचली व सिप्पीघाट येथील शेते पाण्याखाली गेली. शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. या बदकांना मात्र तेथे नवी पाणथळ मिळाली. पण ती भरून टाकली गेली, तर त्यांना दुसरीकडे जाण्यास फारशी जागा नाही.

आपल्या हळदी-कुंकवावर अशी वेळ आलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कर्जत-खालापुरात शेतांच्या जागी बंगले उभे राहत आहेत. भराव घालून एकेक तळे बुजत गेले, तर उरलेली तळी ही कोरड्या जमिनीतील बेटेच होतील. म्हणून काही साध्या गोष्टी आपण आजच पाळू शकतो. गावतळे बुजू देऊ नये. त्याच्या काठचे गवत घरट्यांच्या दिवसांत जाळू नये. पाळलेली परदेशी कासवे किंवा बंदी असलेला आफ्रिकी मांगूर मासा तळ्यात सोडू नये. लेसनवर ससेही कोणी वाईट हेतूने सोडले नव्हते. मेलेली बदके दिसल्यास उघड्या हाताने न उचलता वन विभागास किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रानबदकांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

सात पक्ष्यांपासून एक जात पुन्हा उभी राहिली. त्यासाठी शंभर वर्षे, तीन बेटे आणि पुष्कळ माणसांचे कष्ट लागले. आपल्या तळ्यांसाठी एवढे काही लागणार नाही. ती शिल्लक आहेत तोवरच त्यांची राखण केली, तर पुरे.